भूल दिलेल्या उंदरांच्या रक्तातले परजीवी: आकडा बदलतो की आपण मोजतो ते रक्त?

स्लाईडवाली

प्लाझ्मोडियम बर्घाय अंका (उंदरांच्या हिवतापाच्या परजीवीचा एक स्ट्रेन), सी57 ब्लॅक 6 जातीच्या उंदराच्या मादी, 8 आठवड्यांच्या, पोटातून 10 लाख बाधित पेशी. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी शेपटीच्या टोकाचा थेंब घ्यायचा, भूल न देता. सहाव्या दिवशी सिरम (गोठलेल्या रक्तावरचा द्रव) हवं म्हणून डोळ्यामागून रक्त काढायचं, ते अर्थातच भूल देऊन: केटामीन-झायलाझीन किंवा आयसोफ्लुरेन, जे उपलब्ध असेल ते. आणि हे चारही दिवस एकाच आलेखावर एकाच रेषेने जोडायचे, असा आमच्याकडचा प्रोटोकॉल आहे.

माझी शंका त्या शेवटच्या बिंदूबद्दल आहे. भुलेमुळे रक्तातल्या परजीवींचा आकडा हलतो का? हलत असेल तर किती, आणि कोणत्या औषधाने? 'फारसा फरक पडत नाही' हे ऐकून झालंय, त्यामागचं कारण हवंय.

प्लीहापुराण

ताई, आधी घड्याळ बघा, औषध नंतर. बर्घायचं तांबड्या पेशीतलं एक चक्र 22 ते 24 तासांचं. भूल दिल्यावर दहा-वीस मिनिटांत आकडा बदललेला दिसला तर परजीवी वाढलेही नसतात आणि मेलेलेही नसतात, कारण तेवढ्या वेळात ते शक्यच नाही. बदललेलं असतं ते वाटप. घरात माणसं तेवढीच, ओसरीवरची काही आत गेली, इतकंच. भुलेचा परजीवींच्या वाढीवर परिणाम होतो का हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच्या थेंबातच मिळेल. हे दोन प्रश्न बहुतेक चर्चांमध्ये एकमेकांत कालवले जातात.

आता वाटप कशाने बदलतं ते. आयसोफ्लुरेनने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो, प्लीहेत रक्त साठतं. फेरेटमध्ये हे फार ठळक आहे, काही मिनिटांत हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) लक्षणीय खाली येतो. कुत्र्यात बार्बिट्युरेट गटातली भूल दिली की प्लीहा फुगते हे पशुवैद्यकातलं जुनं ज्ञान. पण ते जसंच्या तसं उंदराला लावू नका. उंदराच्या प्लीहेची रचना वेगळी आहे, तिच्यात कुत्र्यासारख्या किंवा रॅटसारख्या शिरा-पोकळ्या नाहीत, त्यामुळे साठवणही तितकी नाही. दुसरीकडे हिवतापाच्या उंदराची प्लीहा नेहमीची राहत नाही, ती कित्येक पट मोठी होते. बाधित पेशी ताठर असतात आणि अशा प्लीहेत निरोगी पेशींपेक्षा जास्त अडकतात. म्हणून 'निरोगी उंदरात फरक दिसत नाही' हा पुरावा बाधित उंदराला पुरत नाही.

आणि कृपा करून टक्केवारी (शंभर तांबड्या पेशींत किती बाधित) आणि घनता (मायक्रोलिटरभर रक्तात किती परजीवी) वेगळ्या लिहा. तांबड्या पेशी मायक्रोलिटरला 90 लाख आणि बाधा 10 टक्के, म्हणजे 9 लाख परजीवी. आजार पुढे जाऊन पेशी 40 लाखांवर आल्या आणि बाधा 10 टक्केच राहिली, तर 4 लाख. आलेखावर सपाट रेघ आणि उंदरात निम्म्याहून कमी परजीवी! भुलेतही हेच. समजा हिमॅटोक्रिट 45 वरून 38 वर आला आणि बाधित-अबाधित पेशी सारख्याच प्रमाणात बाजूला गेल्या. टक्का जागेवर राहील, घनता साधारण 15 टक्क्यांनी घसरेल. पातळ स्लाईड वाचणारा म्हणेल 'काही परिणाम नाही', रक्तातला परजीवीचा डीएनए मोजणारा पीसीआरवाला म्हणेल 'परिणाम आहे', आणि दोघंही बरोबर असतील.

तळ्यातमळ्यात

प्लीहा वगैरे ठीक, पण रोजच्या कामात मोठा दोष याहून साधा असतो. भुलेत उंदीर गार पडतो, शेपटीच्या वाहिन्या आकसतात, थेंब येत नाही. मग शेपूट मुळापासून टोकाकडे पिळली जाते. पिळलेल्या थेंबात ऊतकातला द्रव मिसळतो. हिवतापाच्या टक्केवारीला त्याने फार धक्का बसत नाही, पण घनता आणि हिमोग्लोबिन दोन्ही खोटे येतात.

पहिला थेंब पुसून टाकायचा, दुसरा आपोआप यायला हवा. येत नसेल तर शेपूट 37-38 अंशांच्या पाण्यात एक-दोन मिनिटं धरा आणि नीट कोरडी करा. स्लाईडवर ओल राहिली की पेशी फुटतात आणि गिम्सात (स्लाईडच्या रंगात) मोकळे केंद्रकासारखे ठिपके दिसतात, त्यांची गणती परजीवीत होते. टोक पहिल्या दिवशी एक मिलिमीटरच कापायचं, पुढच्या दिवसांत फक्त खपली काढायची. पातळ स्लाईडला दोन मायक्रोलिटर रक्त पुष्कळ झालं.

सर्राकर

इथे सगळे हिवतापवालेच दिसतात, म्हणून ट्रायपॅनोसोमा या दुसऱ्या रक्तपरजीवीची बाजू मांडतो. आपल्याकडच्या पशुवैद्यकीय प्रयोगशाळांत ट्रायपॅनोसोमा इव्हान्सी उंदरात आणि रॅटमध्ये वाढवतात. जनावरांच्या सर्रा रोगाचा परजीवी तो हाच, ग्रिफिथ इव्हान्सने 1880 मध्ये पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात पाहिलेला. चंद्रपूर जिल्ह्यात माणसाला झालेली त्याची लागण 2005 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हापासून हा निव्वळ जनावरांचा विषय राहिलेला नाही.

हे परजीवी पेशीत नसतात, रक्तद्रवात मोकळे पोहत असतात. त्यामुळे इथे टक्केवारी नाहीच, थेट मिलिलिटरमागे संख्या. म्हणजे रक्तद्रवाचं आकारमान हललं की आकडा हलणारच. झायलाझीनने लघवी भरपूर होते, लांबलेल्या भुलेत रक्त घट्ट होत जातं. उलट भुलेआधी त्वचेखाली अर्धा-एक मिलिलिटर सलाईन दिलं असेल तर थोडं पातळ. दोन्ही गोष्टी वहीत लिहिलेल्या हव्यात.

दुसरं म्हणजे वाढीचा वेग. ट्रायपॅनोसोमा ब्रुसीच्या गटातले परजीवी उंदरात साधारण 6 तासांत दुप्पट होतात. पहिल्या आणि शेवटच्या उंदराच्या थेंबात तासाचं अंतर पडलं तर नुसत्या वाढीनेच सुमारे 12 टक्के फरक येतो. भूल दिलेला गट नेहमी नंतर घेत असाल तर तो 12 टक्के तुम्ही भुलेच्या नावावर मांडाल.

मोजणी न्यूबॉयर चेंबरमध्ये, म्हणजे चौकोन आखलेल्या मोजणीच्या काचेवर. रक्त 1:100 पातळ करायचं, 0.83 टक्के अमोनियम क्लोराईडमध्ये केलं तर तांबड्या पेशी फुटून नजर मोकळी होते. कोपऱ्यातले चार मोठे चौकोन मोजा, सरासरी गुणिले 100 गुणिले 10,000. चारांत मिळून 80 आले तर सरासरी 20, म्हणजे मिलिलिटरमागे 2 कोटी. पातळ केल्यावर लगेच मोजायचं, तासभर ठेवलेल्या नळीतले परजीवी मंदावतात, गोळा होतात.

साखरेचं एक राहिलं. झायलाझीन इन्सुलिन दाबतं, केटामीन-झायलाझीनखाली उंदराची रक्तशर्करा चांगलीच वर जाते. रक्तातले हे परजीवी ग्लुकोजवरच जगतात, म्हणून 'भुलेने परजीवी वाढले' असा तर्क लढवला जातो. अर्ध्या तासात तसं होणं नाही. मात्र त्याच थेंबातून ग्लुकोज मोजून 'बाधेमुळे शर्करा किती उतरली' हे सांगणार असाल तर झायलाझीन त्या प्रयोगाचा बट्ट्याबोळ करतं.

भूलवैद्य

मात्रेबद्दल कुणीच लिहिलं नाही, म्हणून थोडं. आपल्याकडे केटामीन 50 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर आणि झायलाझीन 20 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर मिळतं असं धरून: केटामीन 2 मिलि, झायलाझीन अर्धा मिलि, निर्जंतुक सलाईन साडेसात मिलि. एकूण 10 मिलि. दर 10 ग्रॅम वजनाला 0.1 मिलि पोटातून दिलं की केटामीन 100 आणि झायलाझीन 10 मिलिग्रॅम प्रति किलो पडतं. झायलाझीनची बाटली 100 मिलिग्रॅमवालीही असते, लेबल दोनदा वाचा. तीन ते पाच मिनिटांत उंदीर आडवा, पुढे 20-40 मिनिटं.

ही मात्रा निरोगी उंदराची. अंकाची बाधा होऊन सहावा दिवस असलेल्या उंदराला ती द्यायची म्हणजे जुगार. मेंदूचा हिवताप साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात येतो, त्यावेळी उंदीर आधीच गार आणि पातळ रक्ताचा असतो. झायलाझीन हृदयाचे ठोके पाडतं, त्यात तापमान उतरतं, आणि उंदीर टेबलावर जातो. हे मरण 'मेंदूच्या हिवतापाने' म्हणून जगण्याच्या आलेखात गेलं तर भुलेचा दोष परजीवीच्या माथी. अशा उंदराला केटामीन 60-80, झायलाझीन 5, आणि काम झाल्यावर अ‍ॅटिपामेझोल 1 मिलिग्रॅम प्रति किलो देऊन झायलाझीन उतरवा. गुदद्वाराचं तापमान आधी घ्या. ठरवलेल्या मर्यादेखाली असेल तर भूल न देता तो उंदीर ह्युमेन एंडपॉइंटला (जास्त हाल होण्याआधी प्रयोग थांबवायच्या ठरलेल्या टोकाला) पोचला असं समजायचं. गरम पॅड 37 वर, डोळ्यांत मलम, कारण केटामीनमध्ये पापण्या उघड्या राहतात.

आयसोफ्लुरेन: डब्यात 3-4 टक्के, मास्कवर दीड ते दोन टक्के, ऑक्सिजन मिनिटाला अर्धा ते एक लिटर. मिनिट-दोन मिनिटांत झोप, बंद केल्यावर तितक्याच लवकर जाग. आजारी उंदरासाठी माझं मत निःसंशय याच बाजूचं. केटामीन शेड्यूल एक्समध्ये (कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत) असल्याने कुलूप, नोंदवही, हिशेब हे सगळं मागे लागतं, तेही वाचतं.

ईथर अजून काही कॉलेजांत बरणीत कापूस टाकून वापरतात. स्फोटक, श्वासनलिका जळजळवणारा, आणि उंदराला इतका त्रास की कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वर जातं. प्रतिकारशक्तीचं काही मोजायचं असेल तर त्या बरणीपासून लांबच राहा. ट्रायब्रोमोइथॅनॉल ही पोटात टोचायची भूल उजेडात आणि उष्णतेत बिघडतं, आम्लता वाढते आणि पोटात दाह होतो. ज्या पोटात तुम्ही परजीवी टोचलेत तिथेच पेरिटोनायटिस करून ठेवायचा, हे कुठलं शहाणपण?

स्लाईडवाली

भूलवैद्य सर, आभार. म्हणजे आयसोफ्लुरेन घेतलं तर परजीवीच्या आकड्याच्या दृष्टीने निर्धोक, असं धरू का?

काजवा

नका धरू! विशेषतः उद्या तुम्ही चमकणाऱ्या, म्हणजे काजव्याचं ल्युसिफरेज हे उजेड देणारं विकर घातलेल्या परजीवींच्या स्ट्रेनकडे वळलात तर. ल्युसिफरेज आणि भुलेची औषधं यांचं नातं फार जुनं आहे. फ्रँक्स आणि लीब यांनी 1984 मध्ये दाखवलं की भुलेची औषधं ल्युसिफरेजवर ल्युसिफेरिनशी (ज्यातून उजेड निघतो त्या द्रव्याशी) स्पर्धा करून बसतात. तेव्हा तो भूल प्रथिनांवर काम करते की मेदपटलावर, या वादातला पुरावा होता. आज तोच गुण इमेजिंगवाल्यांच्या मुळावर येतो. आयसोफ्लुरेन जितकं खोल, तितका उजेड कमी, परजीवी मात्र तेवढेच. शिवाय रक्ताभिसरण मंदावलं की पोटातून दिलेलं ल्युसिफेरिन अवयवांपर्यंत उशिरा पोचतं, आणि ती अडचण केटामीन-झायलाझीनमध्ये जास्त.

उपाय असा. ल्युसिफेरिन 150 मिलिग्रॅम प्रति किलो: 15 मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण, ग्रॅमला 10 मायक्रोलिटर, म्हणजे 20 ग्रॅमच्या उंदराला 200. टोचणी ते फोटो हे अंतर प्रत्येक उंदराला तंतोतंत सारखं. व्हेपोरायझर (भुलेच्या वाफेचं यंत्र) पूर्ण प्रयोगभर एकाच आकड्यावर, मधेच कुणी चुळबुळला म्हणून 3 वर नेऊन परत आणायचं नाही. आणि पडताळ्यासाठी शेपटीचं 5 मायक्रोलिटर रक्त प्लेटमध्ये फोडून तिथेच ल्युसिफरेज मोजा. आयसोफ्लुरेन उडून जाणारं, प्लेटमध्ये ते उरत नाही.

प्रमोटरही (ल्युसिफरेजचं जनुक कधी चालू होणार ते ठरवणारा तुकडा) बघा. शायझाँटमध्येच (परजीवीच्या फुटण्याआधीच्या पक्व अवस्थेतच) जागा होणारा असेल तर उजेड फुफ्फुस आणि चरबीतून येईल, कारण बर्घायचे पक्व शायझाँट यजमानाच्या पेशींवरचं सीडी36 हे प्रथिन धरून तिथे चिकटतात. 2005 मध्ये हे याच उजेडाने दाखवलं गेलं. शेपटीच्या थेंबात ते जवळजवळ दिसतच नाहीत. भुलेत फुफ्फुसातला प्रवाह बदलला की त्यातले किती सुटतात, हे शेपटीच्या स्लाईडवरून कळणार नाही.

मोजणीदार

वर सगळ्यांनी शरीरशास्त्र सांगितलं. मला वाटतं निम्मे 'भुलेचे परिणाम' मोजणीतच तयार होतात. 1000 पेशी मोजून 50 बाधित, म्हणजे 5 टक्के. प्रमाण त्रुटी (स्टँडर्ड एरर) 0.7 टक्के, म्हणजे खरा आकडा 3.7 ते 6.5 मध्ये कुठेही. आता भुलेआधी 5 आणि नंतर 6 असं आलं, दोन्ही हजार-हजार पेशींवर, तर त्या एका टक्क्याच्या फरकाची त्रुटीच साधारण एक टक्का आहे. त्यावर परिच्छेद लिहिणं म्हणजे हवेत इमला. बाधा 1 टक्क्याच्या आसपास असेल तर 10,000 पेशी मोजाव्या लागतील, तेव्हा कुठे त्रुटी 0.1 वर येते.

हाताने एवढं कुणी मोजत नाही. फ्लो सायटोमीटरवर (पेशी एकेक करून मोजणाऱ्या यंत्रावर) डीएनए रंगवून लाख पेशी मिनिटात होतात. पण उंदराच्या रक्तात रेटिक्युलोसाईट (नुकत्याच तयार झालेल्या तांबड्या पेशी) भरपूर, त्यांचं आरएनए सायबर ग्रीन हा डीएनएचा रंग घेतं, आणि बर्घायची आवड तर नेमकी तरुण पेशींचीच. अबाधित पण तितक्याच रक्तक्षय झालेल्या उंदराचं रक्त लावून गेट (बाधित-अबाधित वेगळं करणारी सीमा) ठरवा, निरोगी उंदराचं लावून नाही.

स्लाईडसाठी: मिथेनॉलमध्ये 30 सेकंद, 10 टक्के गिम्सा पीएच 7.2 च्या बफरमध्ये 15-20 मिनिटं. पीएच 6.8 ला घसरला तर रंग गुलाबीकडे जातो आणि लहान रिंग (परजीवीची कोवळी, अंगठीसारखी अवस्था) नजरेतून सुटतात. स्लाईडवर 'भूल आधी/नंतर' असं लिहू नका, दुसऱ्याकडून सांकेतिक क्रमांक टाकून घ्या.

प्लीहापुराण

मोजणीदारांशी सहमत, एक भर घालतो. प्लाझ्मोडियम चाबौदी हा उंदरांच्या हिवतापाचा दुसरा परजीवी वापरणाऱ्यांना क्रम यादृच्छिक ठेवण्याची गरज जास्त. त्याचं 24 तासांचं चक्र सगळ्या परजीवींत एका वेळी चालतं, नेहमीच्या दिवाबत्तीत मध्यरात्रीच्या सुमाराला पेशी फुटतात. उशिराच्या अवस्थेतले परजीवी यकृत-प्लीहेत अडकतात. तीस उंदरांना एकेक करून भूल द्यायला तीन तास लागले तर पहिल्या आणि तिसाव्याची अवस्थाच वेगळी. सकाळी रिंग असताना उरकून टाका.

आता तो दुसरा प्रश्न, दुसऱ्या दिवशीचा. भुलेचा परजीवीवर थेट परिणाम शोधण्याआधी उंदीर त्या रात्री जेवला का ते बघा. केटामीन-झायलाझीननंतर तो कित्येक तास सुस्त असतो, आणि उंदीर खातो तो मुख्यतः रात्री. बर्घाय अन्नावर फार अवलंबून. नुसत्या दुधावर ठेवलेल्या उंदरांत बर्घाय दबतो हे 1952 पासून माहीत आहे, दुधात पॅरा-अमिनोबेंझोइक आम्ल अगदी कमी म्हणून. कॅलरी कमी केल्या की परजीवी आपली वाढ स्वतःच मंदावतो, हे 2017 मध्ये दाखवलं गेलं. आणि चाबौदीचं घड्याळ यजमानाच्या जेवणाच्या वेळेशी बांधलेलं आहे, हे 2018 मध्ये. म्हणजे भुलेनंतर चोवीस तासांनी बाधा कमी दिसली तर पहिला संशयित उपाशी रात्र. त्यासाठी एक गट असा ठेवा ज्याला भूल नाही, पण भूल दिलेल्या उंदरांनी जेवढं खाल्लं तेवढंच मोजून द्यायचं. हा गट जवळपास कुणी ठेवत नाही.

तळ्यातमळ्यात

चार दिवसांच्या औषध चाचणीत तर हे आणखी अवघड. दिवस 0 ते 3 औषध, चौथ्या दिवशी स्लाईड. तोंडावाटे औषध देणं सोपं जावं म्हणून रोज हलकी भूल देणारे असतात. तसं केलं तर कंट्रोल गटालाही रोज तीच भूल तेवढाच वेळ द्यायला हवी. नाहीतर औषधाच्या खात्यावर उपासमारही जमा होते. गॅव्हाज (नळीने पोटात औषध देणं) नीट शिकलेल्या हाताला भूल लागतच नाही.

मच्छरदाणी

डास पाजणाऱ्यांसाठी अवांतर. बर्घायसाठी वापरायचे अ‍ॅनॉफिलीस स्टीफन्साय डास 19-21 अंशांच्या खोलीत ठेवतात आणि उंदीर भूल देऊन जाळीवर 15-20 मिनिटं पालथा. त्या खोलीत उंदीर झपाट्याने गार होतो, आणि गार उंदरावर डास नीट बसत नाहीत. मग डासाच्या पोटातले ऊसिस्ट (परजीवीच्या गाठी) कमी आले की 'केटामीनने गॅमेटोसाईट (डासात जाणारी लैंगिक अवस्था) मारले' असं ऐकू येतं. पाजण्याआधी शेपटीचा थेंब एक्सफ्लॅजेलेशन (नर गॅमेट बाहेर पडण्याच्या) माध्यमात घ्या, पीएच 8, झँथुरेनिक आम्ल, 20-21 अंश, 12-15 मिनिटांनी बघा. नर गॅमेट फुटताना दिसले तर परजीवी शाबूत आहे. उंदराच्या पाठीवर कोमट जेल पॅक ठेवला की पोटाकडून डास पितात.

स्लाईडवाली

बरंच स्पष्ट झालं. आता सहाव्या दिवसाचं असं ठरवते: उंदीर हातात धरून आधी शेपटीचा थेंब, भूल न देता, तिसऱ्या ते पाचव्या दिवसासारखाच आणि त्याच वेळेला. आलेखात हाच जाईल. मग आयसोफ्लुरेन, आडवा झाल्यावर ठरावीक दोन मिनिटांनी डोळ्यामागून रक्त, आणि त्याच रक्ताची दुसरी स्लाईड व पेशींची मोजणी. दोन्हींतला फरक वेगळ्या तक्त्यात. डोळ्यामागून किती काढू? सिरमला 100 मायक्रोलिटर तरी हवंय.

भूलवैद्य

100 मायक्रोलिटर सिरमला निदान 200 रक्त. वीस ग्रॅमच्या उंदरात एकूण रक्तच दीड मिलिलिटरच्या आसपास, त्यातही सहाव्या दिवशी पेशी कमी. जिवंत ठेवायचा असेल तर 100 मायक्रोलिटर रक्ताच्या वर जाऊ नका आणि सिरम 40 वर भागवा. 200 हवंच असेल तर ते शेवटचं रक्त समजा आणि खोल भुलेत हृदयातून घ्या, म्हणजे अर्धा मिलिलिटरही मिळेल. पण मग शेपटी आणि हृदय यांच्या स्लाईडची तुलना भुलेचा परिणाम म्हणून मांडू नका, तिथे जागाही बदललेली आहे. तुलना हवीच असेल तर आडवा झाल्यावर शेपटीचाच दुसरा थेंब घ्या, मग हृदय. आणि फॉर्म बी मध्ये (प्राणीप्रयोगाच्या परवानगीच्या अर्जात) डोळ्यामागचं लिहिलं असेल तर हृदयासाठी आधी आयएईसीकडे (संस्थेच्या प्राणी नीतिसमितीकडे) दुरुस्ती टाका, त्यात मात्रा आणि रक्ताचं आकारमान दोन्ही लिहून.